हंड्यावरचं नाव

मंचरच्या पेठेत दलीचंद शेठच्या दुकानात शिरलं की आधी नवं स्टील डोळ्यांत भरायचं. ताटं, डबे, कुकर, लग्नात द्यायचे संच. पण दुकानाचा खरा पसारा मागच्या खोलीत होता. तिथं मोडीची पोती असायची. आसपासच्या गावांतली माणसं घरातलं जुनं तांबं-पितळ आणून मोडीत घालायची आणि चकचकीत स्टील घेऊन हौसेनं परत जायची. आज्या-पणज्यांनी चिंच लावून घासलेली भांडी त्या पोत्यांत एकमेकांत अडकून पडलेली असायची, आणि खोलीला सदा एक आंबट, तांबट वास यायचा.

शेठच्या सुनेला, रीनाला, त्या खोलीत बरं वाटायचं. बाकी घरात तिला फारसं बरं वाटत नसे. ती नगरची, बीकॉम झालेली, हातात कला असलेली. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात सासूबाई, कस्तुरबाई, यांनी सांगून टाकलं होतं की दुकान पुरुषांचं, स्वयंपाकघर आपलं. रीनानं मान डोलावली. आता मान डोलावली म्हणजे पटलं असं सासवांना वाटतं, तो त्यांचा भाबडेपणा. आत राग साठत होता. दुधासारखा उतू गेला असता तर कुणीतरी गॅस तरी बारीक केला असता, पण हा नुसताच तळाशी लागत होता.

मुलगी शाळेत जायला लागली तशी रीना दुपारी त्या खोलीत जाऊन बसू लागली. पत्रा कापायची कात्री, कानस, पॉलिश पेपर एवढीच तिची हत्यारं. फुटक्या कळशीच्या गळ्याचं कडं व्हायचं, तांब्याच्या पत्र्याची कानातली व्हायची. रविवारी जुन्नरच्या बाजारातून, सोमवारी बेल्ह्याच्या बाजारातून ती जुने काचेचे मणी, गोंडे, बैलांच्या माळांतले सुटे घुंगरू घेऊन यायची. बेल्ह्याला बैलांचा बाजार संपतो तिथं कडेला जुनंपानं विकणारे बसतात. बोहारणीशी घासाघीस करायला तिला मजा यायची. घरी कुणाशी भांडायची सोय नव्हती, तिथं होती.

"भंगारातून भंगार," जिनेश म्हणायचा. जिनेश म्हणजे तिचा नवरा. माणूस वाईट नव्हता, पण बायकोच्या कामाला 'टाइमपास' म्हणणारा होता, आणि रीनाच्या मते त्यात सगळं आलं.

मग पुण्याच्या एका प्रदर्शनात तिचा माल हातोहात गेला. टाइमपासचा लगेच धंदा झाला. पुढच्या प्रदर्शनात जिनेश स्वतः स्टॉलवर उभा राहिला आणि वर बॅनर लावला: दलीचंद अँड सन्स, मंचर. रीनानं तो बॅनर वाचला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोटं तिची कापली होती. बॅनरवर सासरा होता, नवरा होता, गाव होतं. ती कुठंच नव्हती.

पुण्याच्या बायकांना सगळ्यात जास्त काय आवडलं, तर नावं. पूर्वी भांड्यावर नाव घालायला मशीन नव्हतं. कासार बारीक छिन्नीनं एकेक ठिपका ठोकायचा आणि ठिपक्यांचं नाव व्हायचं. लेकीला लग्नात दिलेल्या हंड्यावर लेकीचं नाव. सोनाबाई, ठकूबाई, चंद्रभागा. रीना तेवढाच तुकडा कापायची, कडा घासायची, भोक पाडून कीचेनला नाहीतर गळ्यातल्या माळेला लावायची. पण अडचण अशी की प्रत्येक नावावर एक आडवा घाव असायचा. गिऱ्हाईक तुकडा उचलायचं, "अय्या, हे खोडलंय," म्हणायचं आणि ठेवून द्यायचं.

घाव शेठचा होता. जुनं भांडं आलं की तागडीत टाकण्याआधी शेठ ते लोखंडी ठोकळ्यावर आडवं धरायचे आणि छिन्नीनं नावावर एक घाव घालायचे. भांडं घेऊन आलेली बाई तोवर हलत नसे. "नाव खोडलं का शेठ?" "खोडलं बाई." मग ती पदर सावरून स्टील बघायला वळायची. का खोडायचं, हे कुणी विचारत नसे आणि कुणी सांगतही नसे.

दोन हजार चार साली शेठ न्हाणीत घसरून पडले, खुबा मोडला आणि माडीवर अंथरुणाला खिळले. गल्ल्यावर जिनेश बसू लागला. रीनानं पहिल्याच दिवशी सांगितलं, "नावं खोडत जाऊ नका. माल खराब होतो."

"पप्पा खोडतात."

"का खोडतात?"

"आजोबा खोडायचे म्हणून."

"आणि आजोबा?"

जिनेशनं खांदे उडवले. झालं, रीना जिंकली. बायका विचारायच्या तेव्हा जिनेश म्हणायचा, "आत नेऊन खोडतो मावशी, इथं गर्दी आहे." काही बायका तरी थांबून राहायच्या. पण दुकानदारानं दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं बघायला सुरुवात केली की किती वेळ थांबणार?

दिवाळीच्या आधी अवसरी बुद्रुकचा भरत नावाचा माणूस एक तांब्याचा हंडा घेऊन आला. घाईत होता. हंडा जुना, पण असा राखलेला की तळालासुद्धा काजळी नव्हती. गळ्याखाली नाव होतं: साळुबाई. इतके बारीक, सारखे ठिपके रीनानं आजवर पाहिले नव्हते. नावापुढं कासारानं हौसेनं एक छोटं फूल काढलं होतं.

हा तुकडा तिनं विकायला ठेवला नाही. फुलासकट कापला, कडा गोल केल्या, बेल्ह्याहून आणलेल्या निळ्या काचमण्यांत ओवला आणि मुलीच्या वाढदिवसाला तिच्या गळ्यात घातला. मुलगी हेतल, सहा वर्षांची, पहिलीत. आईनं केलेली आणि आईनं न विकलेली ही पहिली वस्तू. हेतल आरशासमोरून हलेना.

"कुठल्या कोण बाईचं नाव पोरीच्या गळ्यात!" कस्तुरबाई म्हणाल्या.

"तुमचं घालू का मग?" रीना म्हणाली.



पहिली गोष्ट घडली ती अगदी साधी. बाजाराच्या दिवशी हेतल दुकानाच्या पायरीवर बसली होती. रस्त्यात एका बाईनं दुसरीला हाक मारली, "ए साळूऽ!" आणि हेतलनं मान वळवली. नुसती वळवली नाही, "आले गं," म्हणून ती उठली. रीना हसली. पोरीला नाटकं करायला आवडतात, असं म्हणून तिनं सोडून दिलं.

मग शाळेच्या बाईंनी बोलावणं धाडलं. हेतल हजेरी देत नव्हती. नाव पुकारलं तरी समोर बघत बसायची. पाटीवर अक्षरं काढायला सांगितली तर रेघा ओढत नव्हती, पेन्सिलीचं टोक आपटून ठिपके काढत होती. "कान तपासून घ्या," बाई म्हणाल्या. कान चांगले होते.

तिच्या केसांना धुराचा वास यायला लागला. चुलीचा, ओल्या लाकडांचा धूर. घरात गॅस होता. रीनानं शाम्पूनं केस धुतले, पुन्हा धुतले. वास गेला नाही. जेवताना हेतल खुर्चीवरून उतरून जमिनीवर एक गुडघा उभा करून बसायची आणि पोळी बाजूला सारायची. एकदा कस्तुरबाईंनी दटावलं, "हेतल, नीट बस." पोरीनं त्यांच्याकडं असं पाहिलं की त्यांच्या हातातली वाटी कलंडली.

"कोनाला म्हनता?" ती म्हणाली.

हे मराठी त्या घरात कुणी बोलत नव्हतं.

"गळ्यातलं काढून टाक ते," कस्तुरबाई रीनाला म्हणाल्या. त्यांच्या आवाजात या वेळी खोचकपणा नव्हता, भीती होती. ती ऐकायला हवी होती. पण इतकी वर्षं ज्या तोंडातून फक्त टोमणे ऐकले, त्या तोंडातली भीती कशी ओळखू येणार? रीनाला वाटलं, हिला माझं काम गळ्यातसुद्धा बघवत नाही. तिनं माळ काढली नाही.

दिवाळी होऊन गेल्यावर साळुबाई आली.

उंच, ताठ, हिरवं लुगडं, हातात पिशवी नाही, काठी नाही. रीना तेव्हा गल्ल्यावर होती. जिनेश बँकेत गेला होता.

"माझा हंडा द्या," म्हातारी म्हणाली. "मी लेकीकडं राजुरीला गेले व्हते. मागं पोरानं मला न इचारता इकला. स्टीलचं पिंप पायजे व्हतं त्याच्या बायकूला."

"आजी, तो गेला. वितळवायला गेला."

ही थाप अगदी सहज निघाली. हंड्याचं धड तर पोत्यात आतच पडलं होतं, गळ्याखाली चौकोनी भोक घेऊन. ते हिला कसं दाखवणार?

साळुबाई गल्ल्याजवळ सरकली. "आन् नाव? खोडलं व्हतं?"

"हो. खोडलं."

"खोटं बोलू नगा," ती आवाज न चढवता म्हणाली. "खोडलं असतं तर ते हंड्यावरनं सुटून माझ्याकडं आलं असतं. माझं मला कळलं असतं. आता कसं झालंय, शेजारीन माझ्या दारात येती, तोंड उघाडती आन् नुसती हुबी ऱ्हाती. तीस वरसं साळुबाई, साळुबाई करून जीव खाल्ला तिनं माझा. आता तिला हाक येत न्हाई. कुनालाच येत न्हाई."

"वय झालं की माणसं विसरतात, आजी."

"माझं वय झालंय बाई. गावाचं न्हाई झालं."

ती रागानं बोलतच राहिली. बापानं हा हंडा याच पेठेतून घेऊन डोक्यावरनं अवसरीला आणला होता, हे तिनं सांगितलं. सासूनं तो हिसकावून घेऊ पाहिला तेव्हा ती सासूला चावली होती, हेही सांगितलं. रीनाला तिचा हेवा वाटला. आपण सासूला चावलो नाही, नुसती मान डोलावली, असं तिच्या मनात येऊन गेलं. तरी तिनं खरं सांगितलं नाही. दुकानाची अब्रू, प्रदर्शनं, सगळं हातचं जाईल असं तिला वाटलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी म्हातारी परत आली. भर दुपारी, दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. या वेळी मुलगा भरत तिच्या दंडाला धरून होता.

"माफ करा राव," तो जिनेशला म्हणाला. "आईला येड लागलंय. हंडा हंडा करती. एकदा सांगून टाका तिला, नाय म्हनून."

रीना आतून बाहेर आली. तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय नाव तुमच्या आईंचं?"

भरतनं तोंड उघडलं. मिटलं. हसला. "आई... म्हंजी आमची आईच की. रेशनकार्डावर हाय ना नाव."

म्हातारीनं मुलाकडं पाहिलंच नाही. ती रीनाच्या मागं पाहत होती. मागच्या दारात हेतल उभी होती. दोघी एकमेकींकडं पाहत होत्या. सहा वर्षांची पोर कमरेवर हात ठेवून, तशीच ताठ उभी होती. धुराचा वास दुकानभर झाला. एका गिऱ्हाइकानं नाकाला रुमाल लावला.

"हाय व्हय ते," म्हातारी म्हणाली. "द्या माझं मला."

"माझा हंडा कुटं हाय?" हेतल म्हणाली.

आवाज लहान मुलीचा होता. पण राग लहान मुलीचा नव्हता.

 जिनेश गल्ल्यावरून उठून पुढं आला. "रीना," तो म्हणाला, "देऊन टाक ते. काय चाललंय हे? मी सांगत होतो तुला, लोकांचं भंगार..."

बाकी काही बोलला असता तरी चाललं असतं.

रीनानं हेतलचा दंड धरला आणि माळेला हात घातला. पोर तिच्या मनगटाला चावली. चांगली कडकडून चावली, रक्त आलं. माळ तुटली, निळे मणी फरशीवर उडाले. तुकडा रीनाच्या मुठीत राहिला.

तिथंच तिनं तो म्हातारीच्या हातावर ठेवायला हवा होता. म्हातारीनं हात पुढं केलाही होता. पण रीनाच्या डोळ्यांपुढं त्या क्षणी सगळे होते: बॅनर लावणारा नवरा, टोमणे मारणारी सासू, चव्हाट्यावर तिला खोटी पाडणारी ही म्हातारी, आणि आईला चावणारी स्वतःची पोर. शेठची छिन्नी अजून ठोकळ्याशेजारच्या खुंटीला होती.

"नगं!" म्हातारी ओरडली. "बाई, आता खोडू नगा! भांड्यावरचं खोडत्यात. आता ते भांड्यावर न्हाई, पोरीच्या अंगावर हाय!"

रीनानं तुकडा ठोकळ्यावर ठेवला.

"सारखं नाव खोडा, नाव खोडा!" रीना म्हणाली. "हे घ्या. खोडलं."

एकच घाव. तांबं मऊ असतं. ठिपक्यांवरून चर गेला, आरपार, फुलापर्यंत.

हेतल ओरडली नाही. तिच्या खांद्यांतला ताठपणा गेला, एवढंच. धुराचा वास गेला. म्हातारीनं पुढं केलेला हात बघता बघता खाली आला, आणि ती मुलाकडं वळून अगदी नरम आवाजात म्हणाली, "चला पावनं, मला घरी सोडता का?"

भरत तिला घेऊन गेला. तो तुकडा तिनं मागितला नाही.

त्यानंतर घरात मोठी शांतता आली. मुलगी शहाण्यासारखी वागू लागली. खुर्चीवर बसून पोळी खायची, शाळेत बोट दाखवलं की उभी राहायची. दादीच्या मांडीवर डोकं ठेवून टीव्ही बघायची. कस्तुरबाई तिला बेटा म्हणायच्या, जिनेश छोकरी म्हणायचा, रीना अगं म्हणायची. मनगटावरच्या दातांच्या खुणा बुजल्या. रीनानं मागच्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली जिनेशला देऊन टाकली. रागसुद्धा विझल्यासारखा झाला. आपण फार ताणलं, असं तिला वाटायचं. सुटलो, असंही वाटायचं.

मधे एकदा शाळेत स्नेहसंमेलनाची बक्षिसं वाटली. बाईंनी मुलांना एकेक करून नावानं वर बोलावलं. मुलगी शेवटपर्यंत खाली बसून राहिली. रीनानं घरी येताना बाईंवर भरपूर तोंडसुख घेतलं. यात बाईंचा दोष नाही, हे तिच्या लक्षात आलं नाही.

चैत्रात अवसरीची यात्रा आली. दरवर्षीप्रमाणं जिनेशनं यात्रेत भांड्यांचं दुकान मांडलं आणि या वर्षी सगळ्यांना बरोबर नेलं. घाटात, शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलगाड्या पळत होत्या. धूळ, हलगी, रेवड्या, पाळणे. मुलगी पिवळा फ्रॉक घालून रीनाचं बोट धरून होती. रीनानं कलिंगडाची फोड घ्यायला बोट सोडलं, फोड घेतली, वळली.

मुलगी नव्हती.

आधी तिनं पाळण्यांपाशी पाहिलं. मग खेळण्यांच्या दुकानांपाशी. मग जिनेश आला आणि दोघंही धावायला लागली.

"अगं!" रीना ओरडत होती. "अगंऽ!"

गर्दीतल्या कितीतरी बायकांनी वळून पाहिलं.

शर्यती पुकारणारा माणूस माचाणावर माइक घेऊन बसला होता. हरवलेली मुलंही तोच पुकारायचा. रीना शिडी चढून वर गेली. तिच्या आधी एक माणूस तिथं उभा होता. तो भरत होता.

"आई चुकलीय माझी," तो सांगत होता. "हिरवं लुगडं हाय. उंच हाय."

"आरं पन नाव सांग ना!"

"आई हाय रं... आमची..." भरत घाम पुसत होता.

"बाजूला व्हय जरा. सुचलं की सांग. हां ताई, तुमचं?"

"मुलगी," रीना म्हणाली. "पिवळा फ्रॉक. पहिलीत आहे. मंचरची."

"नाव?"

रीनानं तोंड उघडलं.

तिनं जिनेशकडं पाहिलं. तो शिडीवर अर्ध्यात थांबला होता. त्याचे ओठ हलत होते.

"ताई, तुमीच बोला माइकवर. आईचा आवाज वळखतं लेकरू."

त्यानं माइक तिच्या हातात दिला. रीनानं समोर पाहिलं, आणि माचाणाच्या उंचीवरून तिला त्या दिसल्या. गर्दीच्या पार पलीकडं, नदीकडं उतरणाऱ्या वाटेवर, पिवळा फ्रॉक. शेजारी हिरवं लुगडं. पोरीनं म्हातारीचं बोट धरलं होतं. कुणी कुणाला ओढत नव्हतं. दोघी घरी निघाल्यासारख्या चालल्या होत्या.

एक हाक पुरली असती.

तिनं माइक तोंडाशी धरला. चारी बाजूंच्या भोंग्यांतून तिचा श्वास यात्रेभर गेला. आत, बाहेर. आत, बाहेर. हलगी थांबली. पाळणे थांबले. खालची सगळी माणसं मान वर करून माचाणाकडं बघू लागली.

त्या दोघी तेवढ्या वळल्या नाहीत.